चाचणीची तयारी शिबिरांच्या मधल्या आठवड्यांत

प्रश्न : मी अंशकालीन सैनिकांच्या एका तुकडीचा प्रशिक्षक आहे. आमचे लोक महिन्यातून एका शनिवार-रविवारी एकत्र येतात. एरवी कोणी कार्यालयात बसून काम करते, कोणी वाहन चालवते, काहींना रात्रपाळी असते. शारीरिक क्षमता चाचणीला तीन महिने उरले असून मागच्या वेळी धावण्यात बरेच जण कमी पडले होते. शिबिराच्या दोन दिवसांत त्यांच्याकडून शक्य तितकी मेहनत करून घ्यावी, असे काही सहकारी म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची कळकळ समजण्यासारखी आहे, परंतु त्यांची सूचना कृपया मान्य करू नये. ताण, विश्रांती आणि पुन्हा थोडा अधिक ताण हे चक्र आठवड्यातून दोन-तीनदा फिरले तरच हृदय आणि स्नायू वाढीव कामाला सरावतात. महिन्यातून एकदाच केलेल्या कष्टातून थकव्यापलीकडे फारसे काही साधत नाही. उलट, सवय नसलेल्या माणसाकडून एकाच दिवशी शेकडो उठाबशा किंवा पुश-अप करून घेतल्यास स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तीव्र स्नायुदुखीबरोबर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली, तर त्या सैनिकाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. शिक्षा म्हणून कसरत करायला लावण्याची प्रथा मला म्हणूनच अत्यंत गैर वाटते.

शिबिराचे दिवस मोजमापासाठी आणि शिकवण्यासाठी वापरावेत. अमेरिकी लष्कराने जून २०२५ पासून लागू केलेल्या चाचणीत डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे), प्रत्येक वेळी तळहात जमिनीवरून उचलून केलेले पुश-अप, धावणे आणि वजन ओढणे-वाहणे यांचा एकत्रित प्रकार, प्लँक (कोपर आणि पायांची बोटे टेकून शरीर सरळ रेषेत धरून ठेवणे) आणि दोन मैलांची धाव असे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकात किमान ६० गुण मिळवावे लागतात. म्हणजे एका प्रकारातले बळ दुसऱ्यातली उणीव झाकू शकत नाही. आपल्या चाचणीतले प्रकार वेगळे असतील, तरी पहिल्याच शिबिरात प्रत्येकाची प्रकारवार नोंद करून कोण नेमका कुठे अडतो हे ठरवावे आणि वजन उचलताना पाठ सरळ राहते का, हे प्रत्यक्ष पाहून सुधारावे. हे काम दूरध्वनीवरून होत नाही.

धावण्याची तयारी घरी, आठवड्यातून तीन दिवस व्हावी. दोन दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या सावकाश गतीने धावावे आणि एक दिवस वेगासाठी ठेवावा. उदाहरणार्थ, ३.२ किलोमीटर १८ मिनिटांत पार करायचे असतील, तर ४०० मीटर सव्वादोन मिनिटांत धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे सहा फेरे करावेत. पुढे फेरे आठपर्यंत वाढवून चालण्याचा वेळ कमी करत न्यावा.

यात सर्वाधिक काळजी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्यावी लागते. तोवर दम वाढलेला असतो, उत्साह असतो, आणि माणूस एकदम अंतर वाढवतो. हाडे मात्र दमाइतक्या लवकर तयार होत नाहीत, कारण ताण पडलेल्या जागी जुना भाग आधी झिजतो आणि नवा भाग भरून यायला कित्येक आठवडे लागतात. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यास एकाच ठिकाणी दुखत असेल, तर धावणे थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत पायावर भार न येणारा, पोहण्यासारखा व्यायाम चालतो.

पुश-अप आणि प्लँकसाठी आठवड्यातून दोन वेळा वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. ज्याला एका दमात वीस पुश-अप जमतात, त्याने दहा-दहाचे चार-पाच संच करावेत. दर वेळी अगदी हात थरथरेपर्यंत करण्याची गरज नाही.

पूर्ण चाचणीची रंगीत तालीम साधारण चार आठवडे आधीच्या शिबिरात एकदाच घ्यावी. शेवटच्या आठवड्यात सरावाचे प्रमाण निम्म्यावर आणावे, पण थोडे वेगाचे धावणे चालू ठेवावे. वजनाच्या मर्यादेत बसण्यासाठी ऐनवेळी पाणी पिणे बंद करण्याचा प्रकार कोणी करत असल्यास तो कठोरपणे थांबवावा. रात्रपाळीच्या सैनिकांसाठी वेगळी तजवीज हवी : चाचणीआधीच्या दोन रात्री त्यांना झोप मिळावी म्हणून पाळी बदलून देण्याची विनंती करणारे पत्र तुकडीच्या वतीने त्यांच्या कामाच्या ठिकाणी या महिन्यातच पाठवावे.