नंबर बघून ब्लेड घे

जनावरांच्या शस्त्रक्रियेचा चाकू (स्कॅल्पेल) घेताना आधी हँडल बघ, मग ब्लेड. 3 नंबरच्या हँडलवर 10, 11, 12, 15 बसतात. 4 नंबरच्या हँडलवर 20 पासून पुढची मोठी. कुत्र्या-मांजरांसाठी 3 नंबरवर 10 लावलं की त्वचेचा छेद, स्पे (मादीची नसबंदी) वगैरे बहुतेक कामं निघतात. डोळ्याच्या पापणीसारख्या नाजूक जागी 15. गळू फोडायचं तर 11, टोक आत घालून धार वर ठेवून उचलायची. 12 ची वाकडी चोच तुला क्वचितच लागेल. गाई-म्हशींना मात्र 4 नंबरचं हँडल आणि 22 च हवं. लहान ब्लेडने जाड कातडी कापायला गेलास तर जोर लावत बसशील, आणि जोर लावला की हात घसरतो.

केस नीट भादरून घे, केसांवरून गेलेली धार लगेच बोथट होते. त्वचेला एक ब्लेड, आत नवीन, ही सवय मला तरी बरी वाटते. कार्बन स्टील धारेला सरस, पण ओल लागली की गंजतं. दमट जागी साठा असेल तर स्टेनलेस घे.

आणि ब्लेड चढवताना, काढताना बोटं नकोत, नीडल होल्डर (टाक्याची सुई धरायचा चिमटा) वापर. काढताना पातं धारेच्या उलट बाजूने, मुळाशी धर, मागचं टोक किंचित उचल, खाचेतून पुढे सरकव. तोंड स्वतःकडे किंवा मदतनिसाकडे नको. वापरलेलं थेट शार्प्सच्या (सुया-ब्लेडसारख्या धारदार कचऱ्याच्या) डब्यात. उकळून पुन्हा वापरायचा मोह होईल, पण धार परत येत नाही.