नर्सिंगच्या पहिल्याच नोकरीत नीट शिकवलं नाही, तर काय करावं?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर सांगलीत पहिली नोकरी, दोन दिवस सिनियरच्या मागं फिरवलं आणि तिसऱ्या रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर, असं तू लिहिलंयस. माझी सुरुवातही मिरजेत अशीच झाली, म्हणून मोठी बहीण समजून ऐक. भीती वाटतेय ते बरोबरच आहे.

जे इंजेक्शन कधी दिलं नाहीस, ते एकटीनं देऊ नकोस. रात्रीचे दोन वाजले तरी आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना, उठव. चिडले तर चिडू देत. इन्सुलिनचंच बघ. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट आणि १०० युनिट, अशा दोन्ही वायल (औषधाच्या बाटल्या) असतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. १०० ची वायल लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलीस, तर डोस अडीचपट जातो. आणि पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच नाही. सलाइनमध्ये मिसळून, सावकाश.

ड्यूटीवर गेल्या गेल्या क्रॅश ट्रॉली, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाची गाडी, उघडून बघ. अंबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी), सक्शन (घशातला स्राव ओढायचं यंत्र), अ‍ॅड्रेनॅलिन, सगळ्याला एकदा हात लाव. सामान सापडेना तर जुन्या मावशींना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं. फोनवरची ऑर्डर डॉक्टरांना परत वाचून दाखव, वेळेसकट लिहून ठेव.

मेट्रनना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, लेखी अर्ज दे: अजून काही आठवडे सिनियरसोबत ड्यूटी हवी. एक प्रत स्वतःकडे ठेव. एवढं करूनही आयसीयूत एकटीला उभं केलं, तर ती नोकरी सोड. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही.