सनावळ्या विसरल्या, मग उरले काय?

माझ्या वाशीच्या मार्गदर्शन केंद्रात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेतलेली एक मुलगी वडिलांसह आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांचा प्रश्न नेहमीचाच होता: "मॅडम, हिला नोकरी कोण देणार?" नुसत्या पदवीवर नोकरीची हमी नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले, स्पर्धा परीक्षा, वकिली, पत्रकारिता, अध्यापन यांसाठी पुढे वेगळी तयारी करावीच लागते. मला मुलीची अडचण अधिक गंभीर वाटली. परीक्षेनंतर पंधरा दिवसांत पाठ केलेल्या सनावळ्या पुसल्या जातात, त्यामुळे गुण मिळूनही आपण काही शिकलो असे तिला वाटत नव्हते.

तिचे कुटुंब मूळचे उरण तालुक्यातले. १९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबई या नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांपैकी हे एक. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या १९८४ च्या आंदोलनात आजोबा सहभागी होते. त्यांची आठवण, त्या वेळच्या वर्तमानपत्रातील बातमी आणि घरचे फेरफाराचे उतारे (जमिनीच्या मालकीतील बदलांच्या नोंदी) समोरासमोर ठेवून वाच, एवढेच मी तिला सांगितले.

तीन आठवड्यांनी ती आली, ती काहीशी वैतागलेली. १६ आणि १७ जानेवारी असे दोन दिवस पोलिसांचा गोळीबार होऊन पाच आंदोलक मृत्युमुखी पडले, पण आजोबा सगळे एकाच दिवशी घडल्याचे सांगत होते. त्यांची चूक दुरुस्त करण्यापेक्षा दोन दिवसांचा एक दिवस कसा झाला, हे त्यांनाच विचार, असे मी सुचवले. आजोबा म्हणाले, त्या रात्री कोणी झोपलेच नाही, मग दुसरा दिवस उजाडला कुठे? बातमीत ज्यांना 'जमाव' म्हटले होते, त्यांना आजोबा 'आपली माणसं' म्हणत होते, हेही तिच्या आता लक्षात आले. मला विचाराल तर, महाविद्यालयात इतिहास शिकून हेच कमवायचे असते. सनावळ्या काय, पुस्तकात सापडतात.

शेवटच्या भेटीत वडील फारसे बोलले नाहीत. मुलीने फेरफाराचा उतारा पुढे सरकवून विचारले, "बाबा, पणजोबांच्या वारसांत आजोबांच्या बहिणीचं नाव का नाही?" वडिलांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग ते म्हणाले, "सोमवारी तलाठ्याकडे जाऊन येऊ. तू पण चल."