‘तूच कर ना आई, तुझं छान होतं’

‘मुलं कुठलीच गोष्ट पूर्ण करत नाहीत’ ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी वर्षभर येतात. पण पानगळीच्या दिवसांत तिचा जोर वाढतो. संध्याकाळ लवकर होते, मुलं खेळून लवकर घरात येतात आणि टेबलावर डिंक, कात्री, लोकर, सुकलेली पानं यांचा पसारा मांडला जातो. उत्साह चारआठ दिवस टिकतो. नंतर उरतात त्या अर्धवट वस्तू, आणि त्यांच्याकडे बघून आईबाबांच्या मनात येणारं वाक्य: हिच्यात चिकाटीच नाही.

अशाच एका आईची ही हकिगत. तिला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे. आठवडाभर मुलांना वेळ देता येत नाही म्हणून तिने रविवारची दुपार हस्तकलेसाठी राखून ठेवली होती. यादी तयार, साहित्य आणलेलं, कुठल्या रविवारी काय करायचं तेही ठरलेलं. पानांची माळ, बरणीला रंगीत पातळ कागद चिकटवून केलेला दिवा, लोकरीचे गोंडे, शेंगा आणि बियांचे प्राणी. “मॅडम, यातली एकही वस्तू मुलांनी पूर्ण केलेली नाही,” ती म्हणाली. “रात्री सगळे झोपल्यावर मी एकटी बसून चिकटवत असते. आणि चिकटवताना मला इतका राग येत असतो!”

मी तिला म्हटलं, गेल्या रविवारी काय झालं ते अगदी बारीकसारीक सांगा. कोण काय बोललं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं.

तिने सांगितलं. मुलीने पानं चिकटवायला घेतली. ती एकमेकांना खेटून लावत होती, म्हणून आई म्हणाली, थोडं अंतर सोड. मग, मोठं पान मध्ये घे. मग, अगं डिंक किती तो. मग एक तिरकं बसलेलं पान आईने स्वतःच काढून सरळ लावलं. थोड्या वेळाने मुलगी उठली आणि म्हणाली, “तूच कर ना आई, तुझं छान होतं.” आणि गेली.

आई हे वाक्य मुलीच्या आळसाचा पुरावा म्हणून सांगत होती. मला तो राजीनामा वाटला. काय बनवायचं, कुठली पानं घ्यायची, कशी मांडायची, कधी ‘झालं’ म्हणायचं, हे सगळं आईने ठरवलेलं. मुलीकडे राहिले होते फक्त हात, आणि त्या हातांचं कामही पसंत पडत नव्हतं. अशा ठिकाणी मोठं माणूसही फार वेळ बसत नाही.

“म्हणजे मी काहीच बोलायचं नाही?” तिने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण पूर्ण मोकळं सोडलं तरी पाच वर्षांचं मूल अडतं आणि रडतं. मदत हवीच, ती कधी आणि किती करायची, एवढाच प्रश्न आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना 21 लाकडी ठोकळे जोडून पिरॅमिड करायचा होता. शिकवणाऱ्या बाईंनी एक शिस्त पाळली: मुलाला जेवढं स्वतः जमेल तेवढं करू द्यायचं, अडलं तर आधी तोंडी सांगायचं, तेवढ्यानेही जमलं नाही तरच हात लावून दाखवायचं. तीन वर्षांच्या मुलांना दाखवावं लागलं, मोठ्यांना बहुतेकदा बोलणंच पुरलं. या आईचा क्रम नेमका उलटा होता. मूल अडायच्या आधीच तिचा हात पुढे जायचा.

आम्ही एक साधा नियम ठरवला. मूल “आई, हे होत नाहीये” म्हणेपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही. म्हणालं, तर तेवढीच पायरी करून द्यायची आणि वस्तू परत त्याच्या हातात. तिरकं पान तिरकंच राहील. याचा तिला सगळ्यात जास्त त्रास होणार हे तिलाही माहीत होतं, मलाही.

मुलाची गोष्ट वेगळी निघाली. “हा तर दोन मिनिटंही बसत नाही, कात्री फेकून पळतो,” असं ती म्हणत होती. पुढच्या भेटीला मी त्याला आणि साहित्याच्या डब्याला सोबत आणायला सांगितलं. तो आला, डबा उघडला आणि त्याने कात्री डाव्या हातात घेतली. कागद कापला जाईना, दोन पात्यांमध्ये दुमडला जाऊ लागला. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्या हाताच्या बोटांचा दाब पाती एकमेकींवर घट्ट आणतो, डाव्या हाताचा तोच दाब त्यांना दूर ढकलतो. शिवाय वरचं पातं कापायची रेषाच झाकून टाकतं. तो डावखुरा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कात्रीचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. डावखुऱ्यांसाठीची कात्री आणली आणि कात्री फेकणं जवळपास थांबलं. गोल कापणं अजून जमत नव्हतं, पण ते त्या वयात बऱ्याच मुलांना जमत नाही. तिसऱ्या वर्षाच्या आसपास कागदाला नुसते काप घेता येतात, चौथ्याच्या सुमारास सरळ रेषेवर कापता येतं, नीट गोल कापायला पाच-सहा वर्षं उजाडतात.

साहित्याबद्दल आणखी थोडं सांगते, कारण घरोघरी हीच गडबड होते. मुलं अंगणातून कुरकुरीत वाळलेली पानं उचलतात. ती चिकटवताना मोडतात, चुरा होतो, मूल वैतागतं आणि आपण म्हणतो चिकाटी नाही. पान नुकतंच गळलेलं, अजून मऊ असलेलं घ्यावं, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून त्यावर जाड पुस्तकांचं वजन द्यावं. आठवडा-दोन आठवड्यांत ते सपाट सुकतं. पानं लवचीक राहायला हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात काही दिवस बुडवून ठेवावीत. रंग थोडे काळवंडतात, पण पान मोडत नाही. दुमडून बघायला मुलांना फार आवडतं.

बक्षिसाचा विषय तिनेच काढला. “पूर्ण केलंस तर अर्धा तास कार्टून,” असं ती म्हणायची, आणि पहिल्या आठवड्यात ते चाललंही होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात तीच स्केचपेनं समोर ठेवली, तेव्हा बक्षीस ठरवून बसलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणून कौतुक बंद करा असं मी कधीच सांगत नाही. आधी सौदा ठरवू नका, एवढंच.

यानंतर मी तिला विचारलं, “या सगळ्यात तुम्हाला स्वतःला काय बनवायचं होतं?”

ती गप्प झाली. मग बराच वेळ बोलत राहिली. शाळेत असल्यापासून तिला पानाफुलांच्या चौकटी करायचा नाद होता. लग्नानंतर नोकरी, मुलं, घर, आणि स्वतःसाठी म्हणून काही करायला बसलं की अपराधी वाटायचं. मुलांच्या नावाने बसलं तर वाटत नव्हतं. मला वाटतं, गाठ इथे होती. एकाच माळेकडून तिला दोन गोष्टी हव्या होत्या: मुलांबरोबरची निवांत दुपार आणि भिंतीवर लावावी अशी देखणी वस्तू. दुसरीसाठी पहिली रोज थोडी थोडी मोडत होती. फोनवर दिसणाऱ्या नीटनेटक्या वस्तूंनी त्यात भर घातली, पण सगळा दोष फोनवर टाकणं मला पटत नाही. तिची ही हौस फोनच्या कितीतरी आधीची.

मग टेबलावर तीन ताटं आली. एक तिचं, एक मुलीचं, एक मुलाचं. दुसऱ्याच्या ताटातल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम आईलाही. रविवारची तीन तासांची बैठक मोडून मधल्या एखाद्या संध्याकाळी वीस मिनिटं, आणि उरलेलं ‘चालू काम’ लिहिलेल्या खोक्यात. रात्री एकटीने बसून पूर्ण करणं पूर्ण बंद. आई स्वतःच्या चौकटीत गुंतली तसं तिचं लक्ष मुलीच्या डिंकावरून आपोआप उडालं, आणि हे मी सांगितलेल्या बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

मुलीने माळ शेवटपर्यंत केली नाही. तिने पानांची एक वही सुरू केली, प्रत्येक पानाला मनानेच नाव दिलं, आणि लाल पान तपकिरी का पडतं यावर बाबांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. मुलगा अजूनही मध्येच उठतो. खोक्यातले दोन प्राणी बिनपायांचेच आहेत, त्यांना पाय फुटतील असं मला वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलाने मन भरल्यावर वस्तू सोडून दिली तर त्यात काही बिघडत नाही.

काळजी कधी करावी, हेही तिने विचारलं. मूल खेळसुद्धा सतत अर्ध्यावर सोडत असेल, पेन्सिल-कात्री-बटणं सगळंच टाळत असेल, हात लवकर दुखतो म्हणत असेल, कागद डोळ्यांच्या फार जवळ धरत असेल, किंवा जरा चुकलं की केलेलं फाडून टाकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ते गरजेप्रमाणे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, हातांच्या हालचाली आणि रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवतात.

निघताना तिने खरी भीती बोलून दाखवली. “आज माळ सोडली, उद्या अभ्यास सोडला तर?” मी म्हटलं, अभ्यास ठरलेला असतो, तिथे मोठ्यांनी आग्रह धरायला हरकत नाही. माळ करण्याची सक्ती कोणी केलेली नाही. मग विचारलं, मुलीचा गृहपाठ होतो का वेळेवर? “तो होतो की,” ती म्हणाली, “मला बघावंही लागत नाही.” चिकाटीचा विषय आम्ही तिथेच सोडला. पुढची भेट ठरली ती टेबलावरच्या पसाऱ्यावरून नवऱ्याशी रोज होणाऱ्या वादासाठी.