वकीलकाकूंना विचारा : पाण्याखालच्या उद्यानाचा कायदा

प्रश्न : काकू, नमस्कार. आमच्या कॉलेजात युवा संसद आहे. चिठ्ठ्या टाकल्या त्यात आमच्या गटाला विधेयक आलं, ‘पाण्याखालील उद्यान व हौशी डायव्हर यांचे व्यवस्थापन’. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही. आतापर्यंत दंड आणि शिक्षेची तेवढी दोन पानं झाली आहेत. पुढं काय लिहायचं?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, लाखांदूर तालुका

उत्तर : दंडाची पानं तूर्त बाजूला ठेव, पोरी. आधी हे बघ की त्या पाण्यात आज पोट भरायला कोण उतरतं. तुमच्याकडे मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) बोटिंग सुरू करायचं म्हटलं तर पहिला सवाल ढिवर, म्हणजे तिथले मासेमारच करतील, ‘आमच्या सोसायटीच्या ठेक्याचं काय?’ समुद्रावर वेगळं काही नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण जाळं कुठं टाकायचं आणि कुठं नाही, हा त्यांच्या चुलीचा प्रश्न होता.

खरं तर कायद्यात त्यांची दखल आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम २६-अ काढून वाचा. किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घ्यायचा तर केंद्राची आधी संमती लागते, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरते, आणि स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपायची पुरेशी तजवीज करावी लागते. हे शेवटचं तुमच्या विधेयकात व्याख्यांच्या लगेच मागे यायला हवं. नाहीतर कायदा मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी, असा त्याचा सरळ अर्थ निघेल.

तजवीज म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातला तोतलाडोह जलाशय. मध्य प्रदेशच्या बाजूला उद्यानातून उठवलेल्या गावांतल्या आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, त्याला हरकत घेतली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ चा निकाल आहे. न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. फोटोचं ओळखपत्र हवं. ठरल्या वाटेनंच पाण्यावर जायचं. काठावर विस्तव पेटवायचा नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, आणि मगरी-पाखरं विसावतात त्या बेटांवर पाय ठेवायचा नाही. बघ, एकेक अट अशी आहे की काठावर उभ्या माणसाला ती पाळली की मोडली ते दिसतं. तुमची कलमं अशी लिहा. ‘पर्यावरणाचा आदर राखावा’ असलं कलम कोर्टात अर्धा मिनिट टिकत नाही.

आता डायव्हर, म्हणजे पाण्याखाली डुबकी मारणारे पर्यटक. प्रवाळ (कोरल) दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं, आणि त्यातले मोठे गोल दगडासारखे प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. नवशिक्या माणसाला पाण्यात तरंगत राहणं जमत नाही, मग तो पायातले फिन (पोहायचे रबरी पंख) आपटतो, खालचा गाळ उडवतो, आधाराला प्रवाळच धरतो. नुकत्या रोवणी झालेल्या धानाच्या बांधीतून कोणी बूट घालून चालत गेलं, तसं. त्याहून जास्त नासधूस होते बोटीच्या नांगरानं. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटानं १९७९ साली सागरी उद्यान केलं. तिथं नांगर टाकायला बंदी आहे, बोटी कायमच्या बसवलेल्या बोयांना (तरंगत्या खुणांना) बांधतात. हातमोजे घालायलाही मनाई आहे. का, तर हात उघडा असला की माणूस प्रवाळाला हात लावायला कचरतो. हा नियम करणाऱ्याला मी मनातल्या मनात फी देऊन टाकली! मोकळ्या समुद्रात उतरण्याआधी तिथं काठाजवळ पाण्याची ओळख करून घेणारी एक डुबकी सक्तीची आहे. १९९२ साली डायव्हरकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा १० डॉलर, आणि ते उद्यानाच्याच देखभालीला. तुमच्या विधेयकातही शुल्काचा वेगळा निधी करा, तिजोरीत गेलेला पैसा पुन्हा बोयापर्यंत पोचत नाही.

तपासणार कोण, हेही लिहा. आमच्या गावच्या तलावावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ची पाटी आहे आणि पोरं कपडे काढून तिच्यावरच टांगतात. काठावरच्या वनरक्षकाला बारा मीटर खाली काय चाललंय ते कळणार नाही. तेव्हा तपासनीस प्रशिक्षित डायव्हर असावा, आणि गाइडचे परवाने आधी स्थानिक मच्छीमार घरांतल्या पोरांना. दंड बोटवाल्यावर ठेवा. पर्यटक दुसऱ्या दिवशी गावाला निघून जातो, परवाना बोटवाल्याचा असतो. प्रवाळाचा तुकडा खिशात घालण्यासाठी मात्र नवं कलम नको, प्रवाळ २००१ पासून त्याच १९७२ च्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

विरोधी बाकावरून एक अडचणीचा प्रश्न नक्की येईल. हा कायदा करायचा अधिकार कोणाचा? घटनेत मासेमारी राज्यसूचीत, नोंद २१. वन्य प्राण्यांचं संरक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं गेलेलं. राज्याचं विधेयक १९७२ च्या केंद्रीय कायद्याशी भिडलं, तर घटनेच्या अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागेल. म्हणून सरांना आजच विचारून घ्या, तुमची संसद दिल्लीची धरायची की मुंबईची. ते ठरेपर्यंत विधेयकाचं नावसुद्धा लिहू नका.