पतंगाच्या मिशांचा अभ्यास करून पोट भरतं का?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक. मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमपीएससी सोडून तिला किडींच्या पतंगांना वास आणि चव कशी कळते, त्याचं जनुकशास्त्र शिकायचंय. यात नोकरी आहे का, की शिकण्यातच वय जायचं?

उत्तर: भाऊ, नोकरीचं सांगतोच, पण आधी तुमच्या पऱ्हाटीतल्या कामगंध सापळ्याकडे बघा. ल्यूरच्या त्या एवढ्याशा गोळीत मादीचा वास असतो, म्हणून नर येऊन अडकतो. गुलाबी बोंडअळीच्या ल्यूरकडे घाटेअळीचा नर मात्र फिरकत नाही. घाटेअळीची मादी मुख्यतः दोन रसायनं सोडते, साधारण ९७ ला ३ या मापात. तिच्या एका जवळच्या जातीत रसायनं तीच, माप जवळपास उलटं! मादीने कुठलं माप सोडायचं आणि नराच्या मिशांनी कुठलं ओळखायचं (पतंगाला नाक नसतं, सगळा कारभार मिशांवर), हे जनुकं ठरवतात. तुमची लेक शिकायचं म्हणते ते हेच.

चवीचं तर आणखी गमतीचं. रेशीमकिडा तुतीच्या पाल्यावरच जगतो, हे तुती लावणाऱ्या कुणालाही विचारा. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं चव ओळखणारं एकच जनुक निकामी केलं, तर त्या अळ्या सफरचंद, सोयाबीन, मकाही खाऊ लागल्या. त्याच्याकडे चवीची जनुकं सत्तरेक आहेत. मक्यापासून ज्वारीपर्यंत काहीही फस्त करणाऱ्या लष्करी अळीकडे दोनशेच्या वर. अळीला पीक कडू कसं लागेल, मादी पानावर पाय टेकवून चव घेते तेव्हा अंडी न घालता कशी उडून जाईल, यावर काम करायला माणसं लागणारच आहेत.

आता नोकरी. गोड बोलून फसवत नाही: एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. चार-पाच, म्हणजे वय अठ्ठावीस-एकोणतीस. फेलोशिप मिळाली तर घरून पैसे लागत नाहीत. पुढे कृषी संशोधन सेवा, विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं, ल्यूर आणि जैविक कीडनाशकांच्या कंपन्या. सरकारी जागा कमी निघतात आणि जाहिरातीला कधी वर्षं लागतात. एमपीएससीतही हीच रड आहे म्हणा. शिवाय एमपीएससीचीच कृषी सेवेची परीक्षा वय बसतंय तोवर एम.एस्सी. करतानाही देता येते, ते दार बंद होत नाही.

एम.एस्सी. कीटकशास्त्रातच करू द्या, पण कॉलेजचं नाव बघून नको. जिथे रेणवीय, म्हणजे जनुकांच्या पातळीवरचं काम चालतं असा गाइड बघून. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था तर तुमच्या हाताशी आहे. बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. पीएच.डी.साठी जर्मनीत येना इथे रासायनिक परिस्थितिकीची माक्स प्लांक संस्था आहे, पण ते पुढचं पुढे. जीनोमचं निम्मं काम संगणकावर चालतं, तेव्हा आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषा आत्तापासून शिकायला सांगा. गणिताचा कंटाळा असेल तर मात्र थांबून विचार करा.

आणि या हंगामात सापळे तिच्याकडे सोपवा. रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचे. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घेतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तो आकडा तिच्याच वहीतून येऊ द्या. डोमकळ्याही (गुलाबी बोंडअळी आत शिरल्याने नीट न उमललेली फुलं) तिनेच वेचून फोडाव्यात. पावसाळा संपेपर्यंत वही भरली, तर गाइडला भेटायला जाताना ती सोबत न्यायला सांगा.