कोठारातले उंदीर आणि विषाणू : आधी झाडू खाली ठेवा

प्रश्न : धान्याच्या कोठारात रानउंदरांच्या लेंड्या सापडल्या. त्यातून विषाणूचा आजार होतो म्हणतात. दुकानदार सांगतो, झिंक फॉस्फाईड दुप्पट टाका, एका रात्रीत उंदीर साफ. टाकू का?

उत्तर : अजिबात टाकू नका. उंदीर मेला तरी त्याच्या लेंड्या-लघवीतला विषाणू लगेच मरत नाही. हा विषाणू म्हणजे हंता; तो वाहणारा उंदीर स्वतः धडधाकट असतो, त्यामुळे बघून काही कळत नाही. कोरडा झाडू मारला की लघवी-लेंड्यांची धूळ उडते आणि ती नाकात जाते. लागण होते ती मुख्यतः अशीच.

म्हणून दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे आणि नीट बसणारा मास्क घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. ब्लीच वाढवू नका, त्यात अ‍ॅसिड मिसळू नका. फवारणी पंपाचा झोत मारू नका, त्यानेही धूळ उडते. झारीने हलके ओता, लेंड्या चिंब भिजू द्या, पाच मिनिटांनी फडक्याने टिपा. मेलेला उंदीरही असाच भिजवूनच उचला, उघड्या हाताने कधीच नाही.

आता विषाचे. कोठारात, धान्याजवळ झिंक फॉस्फाईड नकोच. पोटात गेले की त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. शेतात वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, मग दोन टक्क्यांचे. दोनच! डोस वाढवला की उंदराला संशय येतो, तो चाखून सोडतो, वाचतो आणि पुढे आमिषाला तोंड लावत नाही. दुकानदार हे सांगणार नाही. वेळही पाळा : शेत रिकामे असताना, सगळ्यांनी मिळून. कणसे भरल्यावर आमिष टाकणे म्हणजे पैसे मातीत. सामूहिक मोहिमेला अनुदान असेल तर कृषी कार्यालयात विचारा.

कोठारासाठी माझा आग्रह सापळ्यांचाच. बोलिव्हियात १९६४ साली माचुपो या उंदरांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूची साथ उंदीर सापळ्यांत पकडूनच आटोक्यात आली. सापळे भिंतीलगत लावा, बोट जाईल एवढीही फट बुजवा, धान्य झाकणबंद ठेवा.

साफसफाईनंतर एक ते आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी, धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि उंदरांचे आवर्जून सांगा. लेप्टोच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. लेप्टो जिवाणूचा आजार आहे, त्या गोळ्या विषाणूवर चालत नाहीत.